अकरा महिने राहिलेला पाहुणा

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देत आहे.

‘माझे वडील गेल्या महिन्यात वयाच्या ८८व्या वर्षी गेले. नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर लोकांची कामे केली. कुणाचे अर्ज लिहून दिले, कुणाच्या आजारपणात रात्री जागवल्या, कुणाच्या अंत्यविधीची धावपळ केली. पहाटेची प्रार्थना त्यांनी शेवटच्या आठवड्यापर्यंत चुकवली नाही. स्मरणसभेत कुटुंबाच्या वतीने मी बोलावे आणि तेच लिखाण एका छोट्या स्मरणपुस्तिकेत छापावे, असे ठरले आहे. भावाने मसुदा करून दिला असून त्यात वडील ‘श्रद्धाळू, कुटुंबवत्सल, निःस्वार्थी, अजातशत्रू’ आहेत. धाकटी बहीण म्हणते, हे बाहेरच्या लोकांना दिसलेले वडील झाले, आपल्या वाट्याला ते आले कधी? माझी अडचण वेगळीच आहे. माझी देवावर श्रद्धा नाही. पंचविशीत मी त्यांना तसे सांगितले होते. त्यांनी वाद घातला नाही, पण रोजच्या प्रार्थनेत माझे नाव घेणेही सोडले नाही. आईला (वय ८२) मसुदा वाचून दाखवला, तेव्हा तिने एकच दुरुस्ती सांगितली. वडिलांनी ज्या गृहस्थाला घरात आसरा दिला होता, तो ‘काही दिवस’ नव्हे, अकरा महिने राहिला होता. कपाटात वडिलांची एक वही सापडली आहे, तिच्यात कुणाला कधी किती मदत केली याच्या नोंदी आहेत. भाऊ म्हणतो, ती पुस्तिकेत छापू. शिवाय एका रात्री टॉर्च धरून वडिलांबरोबर डॉक्टरांना आणायला मी गेले होते, हे मला लख्ख आठवते, आणि भावाच्या मते तो गेला होता. मी काय बोलू आणि कसे?’

सप्रेम नमस्कार.

आपल्या दुःखात मी सहभागी आहे. उत्तराची सुरुवात मात्र मी आपल्या आईंच्या दुरुस्तीपासून करणार आहे, कारण आपल्या संपूर्ण पत्रात मला सर्वांत मोलाची वाटली ती तीच. मसुद्यातील एकाही विशेषणाला त्यांनी हरकत घेतली नाही आणि एकाचीही भर घातली नाही. त्यांनी फक्त मुदत सुधारली. ‘काही दिवस’ हे शब्द, पाहुणा दारातून आत येताना ज्याने पाहिला, त्याच्या तोंडी शोभतात. अकरा महिने मोजून लक्षात ठेवतो तो, ज्याने त्या पाहुण्याचे अंथरूण घातले, त्याचे कपडे वाळत टाकले आणि त्याच काळात मुलांच्या परीक्षाही पार पाडल्या. त्या एका आकड्यात वडिलांचे औदार्य आहे, त्या औदार्याचा भार कोणी उचलला तेही आहे, आणि तो भार उचलणारी व्यक्ती आज कडवटपणा न दाखवता केवळ हिशेब बरोबर असावा एवढाच आग्रह धरते आहे, हेही आहे. भावाचा सबंध मसुदा बाजूला ठेवून आपण हा एक प्रसंग नीट सांगितला, तरी सभेला वडील दिसतील.

भावावर माझा राग नाही. शोकात माणसाला हाताशी येणारे शब्द तयार शब्दच असतात, आणि ‘कुटुंबवत्सल’ लिहिताना त्यांच्या मनात नक्कीच काहीतरी खरे होते. परंतु या शब्दांची एक साधी परीक्षा आहे. मसुद्यातील नाव बोटाने झाका आणि तेथे ओळखीतल्या दुसऱ्या कोणत्याही वयोवृद्ध गृहस्थांचे नाव आहे असे समजून वाचा. जे वाक्य तरीही तसेच खरे वाटेल, ते आपल्या वडिलांविषयीचे नाही, ते काढावे. ‘निःस्वार्थी’ जाईल, ‘अजातशत्रू’ तर पहिल्याच फटक्यात जाईल (८८ वर्षे लोकांच्या भानगडींत पडणाऱ्या माणसाला एकही शत्रू नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही आणि तसे असणे ही मोठी थोरवी आहे असेही मला वाटत नाही). अकरा महिने राहतील.

कुटुंबातील मृत व्यक्तीविषयी मुलांनी जाहीरपणे बोलावे, ही रीत जुनी आहे आणि तिच्यातील खोटही तितकीच जुनी आहे. प्राचीन रोममध्ये मोठ्या घराण्यांतील माणूस गेला, की मुलगा किंवा जवळचा नातलग भर चौकात त्याचे गुणवर्णन करीत असे आणि ही भाषणे घराण्यात जपून ठेवली जात. इसवी सनापूर्वी ६९ या वर्षी ज्युलियस सीझरने आपल्या आत्याच्या अंत्यविधीत बोलताना तिचे मातृकुळ राजांपर्यंत आणि पितृकुळ थेट व्हीनस देवतेपर्यंत नेऊन भिडवले. बिचारी आत्या त्यात कितीशी उरली असेल, हा प्रश्नच आहे. रोमन वक्ता सिसेरो आणि इतिहासकार लिव्ही या दोघांनीही तक्रार करून ठेवली आहे, की अशा घरगुती भाषणांमुळे रोमचा इतिहास बिघडला, कारण न मिळालेली पदे आणि न झालेले विजय त्यांत घुसडले गेले. आपले भाषण कोणी इतिहास म्हणून वाचणार नाही असे आपणास वाटेल, पण ते खरे नाही. आपल्या नातवंडांना पणजोबांविषयी जे कळेल, ते बहुधा या पुस्तिकेतूनच कळेल. तिच्यात जे छापले जाईल ते घडलेले ठरेल, आणि जे सुटेल ते घडलेच नव्हते असे होईल. आईंचे अकरा महिने ‘काही दिवस’ म्हणून छापले गेले असते, तर चाळीस वर्षांनी ते दुरुस्त करायला कोणीही उरले नसते.

दुसरी अडचण प्राचीन अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने ओळखली होती. इसवी सनापूर्वी ४३१मध्ये युद्धात पडलेल्यांविषयी बोलताना, ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजने नोंदवल्याप्रमाणे, तो आरंभीच म्हणतो, की मृतांना ओळखणाऱ्या श्रोत्याला वाटते पुरेसे सांगितले गेले नाही, आणि न ओळखणाऱ्याला वाटते की जास्त सांगितले गेले. आपल्या सभेतही हे दोन्ही श्रोते असतील, आणि तिसरी आपली धाकटी बहीण असेल. विशेषणांनी या तिघांचे एकदम समाधान कधीच होणार नाही. घडलेला प्रसंग मात्र तिघांनाही मान्य करावा लागतो, कारण त्यात वक्त्याने काही मागितलेले नसते.

आता बहिणीविषयी. तिचे म्हणणे मला रास्त वाटते आणि ते सभेतून वगळले जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेवा करणाऱ्या माणसाचा दिवसही चोवीसच तासांचा असतो. जी रात्र दुसऱ्याच्या आजारपणात जागवली, ती स्वतःच्या तापलेल्या मुलाच्या उशाशी जागवलेली नसते. वडिलांनी लोकांना जे दिले, त्यातील बराचसा वेळ आपल्या तिघांचा आणि आईंचा होता, आणि तो देण्यापूर्वी आपणास विचारले गेले नव्हते. हे बोलल्याने त्यांचे काम लहान होत नाही. उलट, ते काम एकट्या माणसाचे नव्हते, एका घराचे होते, हे उघड होते. तेव्हा ज्या रात्री दार वाजले, त्या रात्री ते कोणी उघडले, वडील बाहेर पडल्यावर घरात कोण जागे राहिले, महिनाअखेरीस ओढाताण कोणी भागवली, हे साध्या वाक्यांत सांगावे. ‘शाळेच्या बक्षीस समारंभांना बाबा क्वचितच येत’ एवढे वाक्य, स्वर न चढवता, पुढे ‘पण’ न जोडता, म्हणता येते. त्या ‘पण’चा मोह होईल, तो आवरावा. ‘पण त्यांचे मन आमच्यापाशीच असे’ हे आपण जाणत नाही आणि बहिणीला ते पटणारही नाही.

येथे एक मर्यादा मात्र पाळावी लागेल. आई पहिल्या रांगेत बसलेल्या असतील. त्यांच्या वतीने तक्रार मांडण्याचा अधिकार आपणास नाही, आणि त्यांच्या वतीने वडिलांना क्षमा करण्याचाही नाही. त्यांच्याविषयीचे प्रत्येक वाक्य त्यांना आधी वाचून दाखवावे आणि त्या ‘हे नको’ म्हणाल्या, तर कारण न विचारता काढावे. बहिणीला मी असे सुचवीन, की तिने दोन प्रसंग लिहावेत, एक वडील हवे होते तेव्हा नव्हते त्याचा, आणि एक अनपेक्षितपणे होते त्याचा. दुसरा प्रसंग तिला सुचला नाही, तर तोही एक निष्कर्ष आहे आणि तो तिच्यापाशीच राहू द्यावा. सुचला, तर तो बहुतेक पुस्तिकेतील सर्वांत चांगला मजकूर ठरेल, कारण हातचे न राखता लिहिणारी व्यक्ती तीच आहे.

श्रद्धेविषयी आपण लिहिलेत, ते मी दोनदा वाचले. वडिलांचा धर्म कोणता, हे आपण पत्रात सांगितलेले नाही आणि माझ्या उत्तराला त्याची गरजही नाही. ज्या श्रद्धेत आपण वाटेकरी नाही, तिच्याविषयी प्रामाणिकपणे बोलता येते, अट एवढीच की जे दिसले तेवढेच सांगावे. ते किती वाजता उठत, कोठे बसत, मोठ्याने म्हणत की ओठांत, आजारपणात काय बदलले आणि काय बदलले नाही, ज्या आजाऱ्यासाठी प्रार्थना केली तो वाचला नाही त्या दिवसानंतरच्या पहाटे ते काय करीत, हे आपण तीन खोल्यांच्या घरात वर्षानुवर्षे पाहिले आहे. एखाद्या श्रद्धावान वक्त्यापाशीही ही माहिती नसेल. ‘ते आता ईश्वराच्या चरणी आहेत’ हे वाक्य आपण उच्चारू नये, कारण आपल्या तोंडी ते उसने वाटेल, आणि जे वडील आपल्याशी याबाबत कधी खोटे बोलले नाहीत, त्यांच्या सभेत ते बरेही दिसणार नाही. ‘आपण ईश्वराकडे जात आहोत, असा त्यांचा विश्वास होता’ हे मात्र आपण निःशंकपणे म्हणू शकता. ‘असा त्यांचा विश्वास होता’ या चार शब्दांत त्यांचाही मान राहतो आणि आपलाही. श्रद्धेची आतली बाजू सांगायची असेल, तर त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसणाऱ्या एखाद्या वृद्ध स्नेह्यांना तीन मिनिटे द्यावीत.

ते आपले नाव रोज प्रार्थनेत घेत, हे सांगावे का, असे आपण थेट विचारलेले नाही, पण पत्रात तो प्रश्न आहेच. माझे उत्तर, सांगावे, असे आहे. आपली अश्रद्धा एका वाक्यात, त्यांची कृती पुढच्या वाक्यात, आणि त्यावर भाष्य काहीही नाही. त्या नाव घेण्याने आपणास कधी राग आला असेल, तर तेही म्हणण्यास हरकत नाही. मात्र ते श्रद्धेमुळेच सेवा करीत, असे सूत्र केवळ भाषण जुळून यावे म्हणून बांधू नये. श्रद्धा असून दुसऱ्याच्या दारी न जाणारी माणसे असतात आणि श्रद्धेवाचून जाणारीही असतात. त्यांनी स्वतः कधी तसा संबंध जोडून सांगितला असेल, तर त्यांचे शब्द द्यावेत. एरवी पहाटेची प्रार्थना आणि रात्रीची धावपळ शेजारी शेजारी ठेवून थांबावे.

आपण लिहिता, की आपल्या जन्माच्या वेळी वडील ३५ वर्षांचे होते (हा तपशील मी वर गाळला होता). माणसाच्या स्वतःच्या सर्वांत जुन्या आठवणी साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या वयाच्या असतात, त्याआधीचे फारसे काही उरत नाही. म्हणजे आपल्या आठवणीतील वडील ३८-३९ वर्षांचे होऊनच सुरू होतात, आणि भावंडांचीही थोडीफार तीच स्थिती असणार. त्यांच्या आयुष्याचा जवळजवळ निम्मा भाग, ज्यात त्यांची श्रद्धा जडली किंवा डळमळली असेल, ज्यात पहिल्यांदा ते कोणाच्या मदतीला धावले असतील, तो आपल्यापैकी कोणीच पाहिलेला नाही. म्हणून त्यांच्या वयाचे जे थोडे लोक हयात असतील, त्यांच्याकडे या आठवड्यातच जावे. स्मरणशक्तीच्या अभ्यासात वारंवार दिसून आले आहे, की वयस्क माणसांना आपल्या वयाच्या सुमारे १० ते ३० या वर्षांतील गोष्टी इतर काळापेक्षा अधिक प्रमाणात आठवतात. तेव्हा ‘बाबा कसे होते?’ असा प्रश्न विचारू नये, त्याला पुन्हा विशेषणच उत्तर म्हणून येईल. ‘तुम्ही दोघे विशीत होता तेव्हा संध्याकाळी काय करत असा?’, ‘ते कशावरून चिडत?’, ‘त्यांनी तुमचे ऐकले नाही असे कधी झाले?’ असे विचारावे आणि मग गप्प बसावे. म्हातारपणी मागे वळून आयुष्य उलगडत बसणे, हे पूर्वी बुद्धी मंदावल्याचे लक्षण समजले जाई. १९६३मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने ते वृद्धत्वातील स्वाभाविक आणि उपयोगी काम असल्याचे मांडले. आपण विचारलेत, तर त्या वृद्धांना त्रास होईल, ही भीती म्हणूनच बाळगू नये. बहुतेकांना कोणी विचारतच नाही, हा त्यांचा खरा त्रास असतो.

टॉर्चच्या भांडणाचा निकाल मी देऊ शकत नाही, आणि कदाचित कोणीच देऊ शकणार नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२मध्येच दाखवून दिले होते, की आठवणे म्हणजे साठवलेली वस्तू बाहेर काढणे नसून ती दर वेळी नव्याने उभारणे असते. पुढे २००१मध्ये जुळ्या भावंडांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकच प्रसंग ‘तो माझ्याच बाबतीत घडला’ असे दोघेही ठामपणे सांगत असल्याची उदाहरणे आढळली, आणि तशी उदाहरणे जुळ्या नसलेल्या भावंडांतही सापडली. आपण दोघांपैकी कोणी खोटे बोलत आहे, असे मानण्याचे त्यामुळे काहीच कारण नाही. आईंना विचारून पाहावे. त्यांनाही सांगता आले नाही, तर ‘आमच्यापैकी एकजण’ असे म्हणून दोघांचाही दावा सभेपुढे ठेवावा. लोक हसतील, आणि स्मरणसभेत एकदा हसू येणे चांगले असते.

वही छापू नये. या बाबतीत माझे उत्तर एका शब्दात आहे आणि भावाला ते आवडणार नाही. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे आपण सहज म्हणतो, पण त्यामागचा विचार केवळ देणाऱ्याच्या नम्रतेपुरता नाही. बाराव्या शतकातील ज्यू धर्मशास्त्री मैमोनिडीझ यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. घेणाऱ्याला स्वतःच्या पायावर उभे करणे ही सर्वांत वरची, आणि देणाऱ्याने कोणाला दिले व घेणाऱ्याने कोणाकडून घेतले हे दोघांनाही ठाऊक नसणे, ही तिच्या लगेच खालची. या क्रमात घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही काळजी मुख्य आहे. आपल्या वडिलांनी ती नावे कपाटात ठेवली, भिंतीवर लावली नाहीत. एका आप्तांच्या सभेत मी स्वतः उत्साहाच्या भरात, त्यांनी कोणाच्या मुलाची फी भरली होती, ते नावानिशी सांगून बसलो होतो. ते गृहस्थ सभेतच होते. त्यांनी मान हलवली, थोड्या वेळाने उठून गेले आणि पुन्हा कधी त्या घरी आले नाहीत. आद्याक्षरेही छापू नका, ती ओळखू येतात. वहीत किती नोंदी आहेत, पहिली कोणत्या वर्षाची आणि शेवटची कोणत्या, एवढे अवश्य सांगावे, आणि अक्षर शेवटी शेवटी कापरे झाले असेल, तर तेही. वही आईंच्या ताब्यात द्यावी. तिचे पुढे काय करायचे, ते त्या ठरवतील.

राहिले भाषणाचे. भाषण आणि पुस्तिकेतील लेख एकच असावा, हा विचार सोडून द्यावा. कानाला आठ मिनिटे पुरतात. संथपणे वाचल्यास मिनिटाला सुमारे शंभर शब्द होतात, म्हणजे आठशे शब्दांपलीकडे जाऊ नये. त्यात पाहुणा, प्रार्थना आणि टॉर्च हे तीन प्रसंग मावतील, जन्मापासूनची हकीकत मावणार नाही आणि तिची गरजही नाही. सनावळी, नोकरीचा काळ, नातेवाइकांची नावे, स्नेह्यांच्या मुलाखती आणि बहिणीचा मजकूर पुस्तिकेसाठी ठेवावा, आणि तेथे प्रत्येक तारीख कागदपत्रांवरून ताडून घ्यावी.

बोलताना रडू आले तर काय, असे आपण पत्राच्या समासात बारीक अक्षरात लिहिले आहे. कागद मोठ्या टंकात छापून न्यावा, पाठ करून जाऊ नये, आणि दुसरी प्रत भावाच्या हाती देऊन त्यांना शेजारी उभे करावे. आपला आवाज थांबला, तर त्यांनी पुढच्या ओळीपासून वाचायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. टॉर्चचा परिच्छेद मात्र, आवाज थांबो वा न थांबो, त्यांनाच वाचू द्यावा.